पैठणीला हात लावू नकोस, बाकी ट्रंक रिकामी कर

*मावशी, लग्नाला दीड वर्ष झालं. कल्याणला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो. कोजागिरीला मजल्यावरच्या बायका आणि ह्यांच्या ऑफिसमधली चार माणसं दूध प्यायला येणार आहेत. मोबाइलवर सारखी परदेशातली ‘फॉल’ची घरं दिसतात. केशरी पानांच्या माळा, भोपळे, मेणबत्त्या. माझंही घर तसं ऊबदार दिसावं असं वाटतं, पण हातात जेमतेम दीड हजार रुपये आहेत. प्लास्टिकच्या मेपल पानांच्या माळा बाराशेला दिसल्या, घेऊ का? घरात सासूबाईंनी गावचं घर आवरताना पाठवलेली पत्र्याची ट्रंक आहे. दोन नऊवारी, तीन-चार सुती सहावारी, एक विरलेली पैठणी, भोक पडलेलं पितळी घंगाळं, सूप, रोवळी, पाय मोडलेला पोळपाट, झाकण फुटलेली लोणच्याची बरणी, असं काहीबाही. हे म्हणतात, भंगारात दे. मला त्यातून काही करावंसं वाटतं. पण साड्यांना कात्री लावली तर सासूबाईंना काय वाटेल? त्या दसऱ्याला रोह्याहून येणार आहेत. शिवाय घरमालक खिळा ठोकू देत नाहीत, आणि हॉलच्या एका भिंतीला ओल येऊन पोपडे आलेत, ते झाकायचेत.*

*— एक वाचक, कल्याण*

बाराशेच्या माळा घेऊ नकोस. दीड हजारातले बाराशे त्यात घातलेस तर उरलेल्या तीनशेत दूध, केशर, चारोळी बसवताना तुझ्या नाकीनऊ येतील, हा एक हिशेब झाला. दुसरं म्हणजे ती माळ आपल्याकडे ऑक्टोबरात परकीच दिसते. अमेरिकेत, जपानात त्या दिवसांत थंडी उतरायला लागते, दिवस आखूड होतो, पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि त्याखाली दडलेला पिवळा-केशरी रंग वर येतो. मेपलसारख्या झाडांत तर लाल रंग त्याच वेळी नव्याने तयार होतो. त्या घरांतली केशरी माळ शोभते, कारण खिडकीबाहेरही तेच चाललेलं असतं. आपली पानगळ शिशिरातली, साधारण जानेवारी ते मार्च. आश्विनात आपली झाडं पाऊस पिऊन गच्च हिरवी असतात.

मग आपल्या शरदात रंग बदलतं काय? गवत, भात आणि आभाळ. एखाद्या रविवारी कसारा लोकलने टिटवाळ्याच्या पुढे जाऊन ये. रुळाच्या दोन्ही बाजूंना पिकत आलेलं भात, ओढ्याकाठी कासाचे पांढरे तुरे, बांधावर कुरडूची गुलाबी-पांढरी कणसं. हळदी पिवळा, वाळक्या गवताचा रंग, त्यात कुरडूचा फिका गुलाबी आणि झेंडूचा केशरी. एवढे रंग पुरेत. तुझ्या ट्रंकेतल्या पितळेशी आणि बांबूशी ते आपोआप जुळतात.

सगळ्यात आधी ट्रंक गॅलरीत रिकामी कर. पावसाळाभर बंद राहिलेल्या ट्रंकेत डांबरगोळ्या आणि कुबटपणा मिळून असा एक वास बसतो, की पाहुण्यांना तुझी सजावट दिसण्याआधी तो जाणवेल. सुती कापड उन्हात टाक, रेशमी मात्र सावलीत, वाऱ्यावर. सूप आणि रोवळी पांढऱ्या कागदावर आपटून बघ. पिठासारखी बारीक भुकटी पडली तर बांबूत पोखरणारा किडा आहे. दोन-तीन दिवस कडक ऊन दाखव, आणि तरीही भुकटी पडत राहिली तर ती वस्तू घराबाहेर काढ. नाहीतर किडा तुझ्या पलंगापर्यंत पोचायचा. ह्यांचं ‘भंगारात दे’ तेवढ्यापुरतं खरं धर.

आता कात्रीचं. पत्रात तुझी खरी घालमेल तीच आहे. तू सासूबाईंना फोन कर, पण ‘ट्रंकेतल्या सामानाचं काही करू का?’ असं मोघम विचारू नकोस. त्यावर त्या ‘कर बाई तुला हवं ते’ म्हणतील, आणि दसऱ्याला आल्यावर नेमकी नको ती साडी कापलेली बघतील. सरळ सांग, ‘आई, त्या सुती सहावारींचे पडदे आणि उशांचे अभ्रे करावेत म्हणते. नऊवारी तशाच ठेवल्यात, आणि पैठणीचं तुम्ही आल्यावर बघू. सहावारीतली एखादी ठेवायची असली तर रंग सांगा.’ ज्या पिढीने जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवल्या, जी वाकळ विरली तिला वरून आणखी एक लुगडं लावून पुन्हा धावदोरा घातला, त्या बायकांना कापड कापायचं दुःख नसतं. तुझ्या सासूबाईंनी तुझ्यापेक्षा जास्त साड्या फाडल्या असतील. जीव असतो तो एखाद्याच साडीत. डोहाळजेवणाची, आईकडून आलेली, मुलाच्या बारशाला नेसलेली. ती कुठली, हे तुला बघून कळणार नाही. विचारल्यावर त्या एका वाक्यात सांगतील, आणि बाकीच्यांना तू खुशाल कात्री लाव.

पैठणी मात्र त्यांनी हो म्हटलं तरी कापू नकोस. जुनं रेशीम घडीवर चिरतं. चिरलेल्या घडीवरून पुन्हा घडी घातलीस तर उरलेलीही जाईल. साडी सैलसर गुंडाळ आणि वरून धुतलेलं सुती कापड लपेटून ठेव. जुन्या पैठण्यांची जर पुष्कळदा खऱ्या चांदीची असते आणि ती वजनावर विकत घेणारे लोक आहेत. म्हणून दारावर बोहारीण आली आणि स्टीलचा डबा दाखवायला लागली, तर पैठणी आतल्या खोलीतच असू दे.

सहावारीचा पडदा करायचा तर शिलाईही नको आणि आधी कात्रीही नको. साडी साधारण साडेपाच मीटरची. मधोमध दुमडून रॉडवर टाकलीस की दोन्ही बाजूंना पावणेतीन मीटर येते. दार किंवा गॅलरीची चौकट असते सात फुटांची, म्हणजे सव्वादोन मीटरच्याही आत. उरलेला अर्धा-पाऊण मीटर रॉडपाशीच पुढे दुमडून घे, वर आपोआप झालर पडते. चिमट्याच्या कड्या मिळतात, त्या लावल्या की झालं. काठ दोन्ही बाजूंना उभे उतरतात, कापड दुहेरी असल्यामुळे बाहेरचं ऊन गाळून आत येतं, आणि उद्या सासूबाई म्हणाल्या की हीच साडी हवी होती, तर कड्या काढून घडी करून हातात द्यायची. रॉडसाठी खिळा लागत नाही. दोन भिंतींमध्ये दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, चौकटीत घट्ट बसतो. फक्त हलकी सुती साडीच तो पेलतो. जाडजूड पडदा अडकवलास तर पाहुण्यांच्या डोक्यावर येईल.

साडी आधी उजेडासमोर धरून बघ. जाळीसारखी दिसत असेल, किंवा दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणल्यावर फाटल्याचा आवाज आला, तर ती पडद्याच्या कामाची नाही. अशा साडीचे काठ तेवढे कापून ठेव, कंदिलाला लागतील. बाकीचं फडक्यांत जाऊ दे. जी साडी मधेच फाटलीय पण दोन्ही टोकांना घट्ट आहे, तिचे अभ्रे कर. सोळा इंची उशीला पाकिटासारखा, बटण-चेन नसलेला अभ्रा हवा तर सतरा इंच रुंद आणि बेचाळीस इंच लांब पट्टी लागते. साडीचा पन्हा चव्वेचाळीस इंचांच्या आसपास असतो, म्हणजे सव्वा मीटरच्या तुकड्यात दोन अभ्रे सहज निघतात. पदर असेल तर तो उशीच्या पुढच्या बाजूला येऊ दे. चार उश्या, चारही वेगवेगळ्या रंगांच्या साड्यांतून केल्यास तर खोली चिंध्यांच्या दुकानासारखी दिसेल. एकाच साडीतून चार कर.

पडद्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त फरक पडेल तो दिव्याने. तुझ्या हॉलमध्ये पांढरीशुभ्र ट्यूब असणार. आपल्याकडे बहुतेक घरांत असतात त्या 6500 केल्विनच्या, खोक्यावर लिहिलेलं असतं. त्या उजेडात सुती साडी, पितळ, बांबू सगळं दवाखान्यातल्यासारखं दिसतं. मोबाइलवर तुला जी ‘ऊब’ दिसते त्यातली निम्मी त्या पानाफुलांची नसते, दिव्याच्या रंगाची असते. 2700 किंवा 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, पाच ते सात वॅटचा एलईडी दिवा आण. ट्यूब तशीच राहू दे, पाहुणे आले की बंद कर.

आणि त्या दिव्याला शेड करायला तुझी रोवळी आहे ना! तांदूळ धुवायला विणलेली ती, पाणी निथळावं म्हणून विणीत फटी सोडलेल्या असतात. त्याच फटींतून उजेड निथळतो आणि भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी पडते. पाय मोडलेल्या पोळपाटाचे उरलेले पायही काढून टाक. त्याच्या मधोमध बॅटन होल्डर स्क्रूने बसव, वायर कडेने बाहेर काढून टोकाला प्लग जोडून घे. वायरिंगचं काम हाताशी असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घे, वीस मिनिटांचं आहे, त्यात कंजूषी नको. वर रोवळी उपडी ठेव. वायर जाईल एवढी फट काठाशी राहू दे. जमिनीवर किंवा ट्रंकेवर ठेवलंस की झाला दिवा. यात जुना पिवळा तारेचा बल्ब कधीही लावू नकोस, तो तापतो आणि बांबू करपतो. एलईडीच हवा. आणि रोवळी भोक पाडून, सोनेरी रंग मारून वाया घालवू नकोस, ती आहे तशीच देखणी आहे. हल्ली दिसेल त्या बाटलीला सुतळी गुंडाळायची आणि दिसेल त्या वस्तूवर सोनेरी स्प्रे मारायचा जो रोग आलाय, त्यातून तुझी ट्रंक वाचव.

सूप तसंच राहू दे, कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभं. त्यापुढे झेंडू सांडलेस तरी पुष्कळ झालं.

घंगाळं घासायचं तर चिंच आणि मीठ. चिंचेचा कोळ लावून पाच-दहा मिनिटांनी घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. ओलं राहिलं की डाग पडतात. आरशासारखं चकाकायला हवंच असं नाही. खोलगट जागी जुना काळपटपणा थोडा राहिला तर नक्षी उठून दिसते. स्वयंपाकाला वापरायचं नसल्यामुळे कल्हईचा खर्च नाही. भोक पडलंय त्याची काळजी करू नकोस, आत बसेल असा स्टीलचा टोप ठेव, पाणी त्यात. वर झेंडूच्या पाकळ्या, मधे दोन-तीन अखंड फुलं. दारातून आत आल्याबरोबर दिसेल अशा जागी ठेव.

पण एक गोष्ट कटाक्षाने पाळ. शरद हा आपल्याकडे डेंग्यूचाही मोसम. एडिस डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या कडेला चिकटून असतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून नवं भरणं पुरत नाही. दर दोन-तीन दिवसांनी टोप रिकामा करून आतून काथ्याने घास. बाटल्यांत रोपं ठेवणार असशील तर त्यांनाही हाच नियम. पाहुणे येऊन गेले की पाणी ओतून टाक.

ओल आलेल्या भिंतीबद्दल तुला आवडणार नाही असं सांगते. ती झाकू नकोस. ओल्या भिंतीवर कापड टांगलं की हवा खेळत नाही, आत बुरशी धरते, कापडाला काळे ठिपके पडतात आणि महिनाभरात ती खोली कुबट होते. ज्यांना दमा आहे त्यांना तर त्रासच. सुटे पोपडे पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढ, नाकातोंडावर फडकं बांधून. ऑक्टोबरचं ऊन त्या भिंतीपर्यंत येऊ दे, पंखा तिकडे वळव, आणि घरमालकांना फोटो पाठवून ठेव. गळती बाहेरच्या पाइपची असेल तर ते काम त्यांचं आहे, तुझ्या साडीचं नाही. पाहुण्यांच्या डोळ्यांपुरता उपाय सोपा आहे. रोवळीचा दिवा त्या भिंतीच्या समोरच्या कोपऱ्यात ठेव आणि बसायची सोय अशी कर की पाठ ओल्या भिंतीकडे येईल, पण अंतर ठेवून. ट्यूब बंद असली की अंधाऱ्या भिंतीकडे कोणी बघत नाही.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींकडे येऊ. टिटवाळ्याकडे गेलीस तर कुरडू आण. शेताच्या बांधावर, रिकाम्या प्लॉटवर तण म्हणून उगवतं, कोणी अडवत नाही. तरी कुणाच्या उभ्या शेतात शिरू नकोस. कणीस गुलाबी असतानाच तोड. फार पांढरं झालं की हात लावताच काळं बारीक बी सांडतं. खालची पानं काढून दहा-पंधरा काड्यांची जुडी बांध आणि ट्रंकेच्या कडीला किंवा पंख्याच्या वाऱ्यात न येणाऱ्या अंधाऱ्या कोपऱ्यात उलटी टांग. उलटी अशासाठी, की देठ वाळताना माना वाकत नाहीत. दोन आठवड्यांत कागदासारखी कोरडी होतात, आकार तसाच राहतो, रंग थोडा फिकट होतो. ही जुडी झाकण फुटलेल्या बरणीत. वरून तपकिरी, खाली पिवळट-पांढरी अशी ती चिनीमातीची बरणी आणि त्यात फिका गुलाबी कुरडू, याला दुसरं काही लावायची गरज नाही. बरणीला खारट-तेलकट वास येत असेल तर धुण्याचा सोडा घालून गरम पाणी रात्रभर ठेव.

झाडांच्या शेंगाही बघत जा. महोगनीचं फळ रस्त्याकडेला पडलेलं मिळतं, उकललेलं असलं तर लाकडी फुलासारखं दिसतं. सोनमोहोराच्या शेंगा तांबूस असतात, गुलमोहोराच्या हातभर लांब आणि काळपट. उन्हात वाळव, झटक, घंगाळ्याशेजारी ठेव. कासाचे तुरे मात्र घरात आणू नकोस. दिसतात सुंदर, पण दोन दिवसांत कापूस सुटतो आणि झाडू मारून तू थकशील. आपट्याच्या फांद्याही आणू नकोस. दसऱ्याला त्या झाडांची आधीच कत्तल होते, आणि बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनच गळ्यात मारतात.

तुला हिरवं काही हवं असेल तर कान तुटलेले चहाचे कप काढ. प्रत्येक घरात असतात, टाकवत नाहीत आणि पाहुण्यांना देता येत नाहीत. गहू रात्रभर भिजवायचे, कपात तळाला दोन चमचे वाळू, वर माती, त्यावर गव्हाचा एकच दाट थर, वरून मातीची भुरभुर. रोज हाताने पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. तळाला भोक नसल्यामुळे पाणी साचलं की गहू कुजतो आणि वास येतो. नवरात्रात सातव्या माळेला पेरलंस तर कोजागिरीला वीतभर होतात. उन्हात ठेवलेले हिरवेगार होतात, आणि घटाशेजारी कमी उजेडात वाढलेले पोपटी-पिवळे होतात, घटावरच्या धान्याचा तोच रंग. निम्मे कप खिडकीत आणि निम्मे आत ठेवलेस तर दोन छटा मिळतील. खिडकी दक्षिणेची असेल तर आणखी बरं. आश्विनापासून सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि पावसाळ्याआधी जे ऊन डोक्यावरून जायचं ते खिडकीतून आत येऊ लागतं.

सासूबाई रोह्याहून येताहेत, त्यांच्याकडून एक मागून घे. कोकणात कोजागिरीलाच नवान्न पौर्णिमा असते आणि दाराला ‘नवं’ बांधतात. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडू, झेंडू, आंब्याचं पान, घरागणिक थोडा फरक. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तोवर कापणीला आलेलं असतं. त्यांना सांग, येताना दोन मुठी लोंब्या आणा आणि नवं तुम्हीच बांधा. कल्याणच्या सदनिकेच्या दाराला भाताच्या लोंब्यांचं तोरण, याच्यापुढे मेपलची माळ कुठे टिकते! शिवाय त्या घरात काही करताहेत, नुसत्या येऊन तुझा संसार तपासत नाहीयेत, याने दोघींनाही बरं वाटेल. दाराला खिळा नसेल तर चौकटीच्या वरच्या कडीला किंवा जाळीच्या दाराला सुतळीने बांध. (इथे सुतळी चालते.)

झेंडूचा भाव दसऱ्याच्या सकाळी चढलेला असतो आणि संध्याकाळी हमखास उतरतो, विकणाऱ्याला उरलेला माल घरी न्यायचा नसतो. कोजागिरीसाठी लागेल तो आदल्या दिवशी कल्याणच्या बाजार समितीतल्या फुलबाजारातून अर्धा किलो आण, पुरतो. दसऱ्याचं तोरण टाकू नकोस, वाळल्यावर त्याचा केशरी रंग थोडा गडद होतो पण जात नाही. वाळकी फुलं चुरगळलीस की आत काळ्या-पांढऱ्या टोकदार बिया निघतात, त्या पुडीत ठेव, जूनमध्ये कुंडीत लाव.

पैशांचं असं मांड. रॉड, कड्या, दिवा आणि इलेक्ट्रिशियन यांत सगळे मिळून साताठशे जावेत, दुकानागणिक थोडं इकडेतिकडे. फुलं आणि पणत्या यांना शे-दीडशे. उरतील ते दुधाला, आणि त्यात कमी पडू देऊ नकोस. कोजागिरीला लोक दूध प्यायला येतात, आणि दूध आटतं गच्चीवर, चंद्र दिसतो गच्चीवर. तुझ्या हॉलमध्ये ती माणसं अर्धा तास टेकतील, फार तर. म्हणून सगळं घर सजवायला जाऊ नकोस. दार, दारासमोरचं घंगाळं आणि दिव्याचा कोपरा, एवढ्या तीन जागा नीट झाल्या की बेडरूमचं दार लोटून घे.

नव्या पणत्या आणशील त्या चार-पाच तास पाण्यात बुडवून, वाळवून मग वापर, तेल कमी पितात. गेल्या वर्षीच्या तेलकट पणत्या असल्या तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळ, पुन्हा चालतात. पणती मात्र साडीच्या पडद्यापासून, कुरडूपासून आणि सुपापासून लांब, जमिनीवर, ताटलीत. वाळकं आणि कापड दोन्ही भुर्रकन पेटतं. तुझ्या ट्रंकेत एखादी सिंथेटिक साडी निघाली तर तिचा पडदा दिवाळीच्या दिवसांत नकोच, ती वितळून अंगाला चिकटते. आणि घरात गणपतीच्या मखरातला थर्माकोल पडून असला तर त्यातून काही करत बसू नकोस. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे, आणि ठिणगी पडली तर तो साडीपेक्षा वाईट.

ट्रंक रिकामी झाली की तिला रंगवायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. कोपऱ्यांवर गंज असेल तो पॉलिश पेपरने घास, कोरड्या फडक्याने पूस, वर नऊवारीची चौपदरी घडी टाक, काठ पुढे येतील अशी. झालं बैठं टेबल, रोवळीचा दिवा त्यावर. दिव्याखाली पोळपाट असल्यामुळे साडीला धग लागत नाही. दुधाचे पेले मात्र त्यावर ठेवू देऊ नकोस, केशराचा डाग सुती नऊवारीवरून जात नाही.

कोजागिरी उरकली की पडदा तसाच राहू दे. दिवाळीला गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा कुठे माळ्यावर असेल तर तो काढ. कामट्या धड असतील तर फाटका कागद सोलून टाक, गव्हाच्या पिठाच्या खळीने नवा कागद चिकटव आणि कडांना विरलेल्या साडीचे कापून ठेवलेले काठ लाव. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं तर झुरळं लागत नाहीत, पण ते विषारी असतं, भांडं वेगळं ठेव आणि हात धू. ह्यांना कामट्या बांधता येतात का विचार. भंगारवाल्याला फोन करण्यापेक्षा बरं काम आहे.